मोंढ्यात, मंडळीत अन् घरात: विचार करून बोलणं विश्वासातून कसं शिकायचं?

मोंढा_जालना

सर्वांना सलाम. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बुधवारच्या अभ्यासाला सध्या बायबलमधलं याकोबाचं पत्र चालू आहे, तिसरा अध्याय झाला आणि त्यावर लोकं जे बोलले ते ऐकून हा धागा काढतोय. बहुतेकांचं म्हणणं एवढंच की जीभ म्हणजे आग आहे, तिला आवरा, कमी बोला, झालं. मला हे अपुरं वाटतं. कमी बोलणारा माणूस विचार करूनच बोलतो असं काही नाही, दिवसभरात चार वाक्यं बोलणारे लोक मी पाहिलेत आणि त्यातलं एक समोरच्याच्या काळजात जाऊन बसतं. गोड बोलणाऱ्यांचं तर विचारूच नका.

मी अडत दुकानावर मुनीम आहे. दिवाळीच्या आसपास सोयाबीनची आवक सुरू झाली की शेतकरी पहाटे गाडी लावून उभा असतो, लिलाव होतो आणि ओलावा जास्त निघाला की भाव पडतो. हमीभावाच्या खरेदीत ओलावा 12 टक्क्यांपर्यंत धरतात, व्यापारीही त्याच अंदाजाने माल बघतो, आणि परतीच्या पावसात भिजलेला माल 12 वर कुठून येणार. आता त्या माणसाशी काय बोलायचं? "माल ओला आहे काका, परवडत नाही" असं पाठ केल्यासारखं म्हणता येतं आणि ते खोटंही नसतं. पण मी मीटर त्याच्याकडे फिरवतो, आकडा त्याला बघू देतो, वाचता येत नसेल तर वाचून दाखवतो, किती कापलं आणि कशापायी कापलं ते पट्टी हातात द्यायच्या आधी सांगतो आणि वाळवून आणला तर काय फरक पडेल तेही सांगतो. त्यानं विचारायची वाट बघत नाही, कारण निम्मे शेतकरी विचारतच नाहीत, मान खाली घालून पैसे मोजतात आणि जातात.

हे मी बायबलमधल्या इफिसकरांच्या पत्रातून शिकलो, 4:29. प्रेषित पौल तिथे फक्त वाईट बोलू नका एवढ्यावर थांबत नाही, पुढे म्हणतो की जे बोलाल ते गरजेप्रमाणे, समोरच्याला उभं करणारं असावं, ऐकणाऱ्याला त्यातून कृपा मिळावी. म्हणजे माप ऐकणाऱ्याकडे आहे. मी किती शांत राहिलो, माझा आवाज किती खाली होता हे माप नाहीच. आणि मत्तय 5:37, होय तर होय अन् नाही तर नाही, प्रभू येशू तिथे शपथांबद्दल बोलतोय आणि मोंढ्याइतक्या शपथा दुसरीकडे क्वचितच खाल्ल्या जात असतील, आईची शप्पथ, लेकराची शप्पथ, अन्नाची शप्पथ. ज्याचा साधा होकार लोकं धरून चालतात त्याला शपथ लागत नाही.

माझा रोजचा क्रम सांगतो. सकाळी दुकान उघडायच्या आधी स्तोत्र 141 मधली तिसरी ओवी प्रार्थना म्हणून म्हणतो, माझ्या तोंडावर पहारेकरी बसव अशी मागणी आहे ती. आणि दुसरं नहेम्याकडून घेतलं, राजाला द्राक्षारस देणारा सेवक होता तो. दुसऱ्या अध्यायात राजा त्याला विचारतो तुला काय पाहिजे, आणि लिहिलंय की त्याने स्वर्गीय देवाची प्रार्थना केली आणि मग राजाला उत्तर दिलं. राजासमोर उभा आहे, नुकताच द्राक्षारस दिलाय, गुडघे टेकायला वेळ कुठून असणार, एका श्वासात केलेली प्रार्थना ती. मला हे वचन फार मोलाचं वाटतं कारण बोलण्याची खरी वेळ अशीच येते, अचानक, माणूस समोर उभा असतो आणि उत्तर मागत असतो.

तुम्ही लोकं काय करता, घरात, नोकरीत, मंडळीत? सविस्तर लिहा.

सिस्टर_बीड

सलाम दादा. छान विषय घेतला. मी नर्स आहे, आणि मला ह्यात ईयोबाचं पुस्तक सगळ्यात जास्त कामाला आलं.

आपल्याकडे शेतकरी फाशी घेतो आणि मग त्या घरी अख्खं गाव येतं. मंडळीतूनही आम्ही चार-पाच जणी जातो. तिथे लोकं काय बोलतात ते नीट ऐका एकदा. "देवाची मर्जी." "लेकरांचा तरी विचार करायचा की." "किती होतं हो कर्ज?" हे तिसरं तर बाई समोर बसलेली असताना विचारतात, आणि ती सांगत बसते, बँकेचं एवढं, सोसायटीचं एवढं, सावकाराचं एवढं, प्रत्येक येणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून. ईयोब म्हणजे लेकरं, संपत्ती, तब्येत सगळं गेलेला माणूस. त्याचे तीन मित्र आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत, दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी आहे. तिथपर्यंत ते चांगले मित्र होते! चौथ्या अध्यायापासून तोंड उघडलं, देवाची बाजू मांडायला लागले, तुझंच काहीतरी चुकलं असेल म्हणाले, आणि 42 व्या अध्यायात खुद्द देवच त्यातल्या अलीफजाला म्हणतो की तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. देवाचं नाव घेऊन बोललेलं देवालाच पटलं नाही. प्रत्येक सांत्वनाला जाणाऱ्या माणसाने हे वाचून जावं.

पण नुसतं गप्प बसूनही भागत नाही, घर रिकामं झालं की ती एकटी पडते. मग मी काय बोलते तर गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोलते. त्याचं नाव घ्यायला सगळे घाबरतात, कसा गेला एवढंच उरतं, तो कसा होता हे कुणी काढतच नाही. तुमच्या मालकांनी त्या वर्षी आमच्या नाताळला शेंगा आणून दिल्या होत्या असं काही. बाई रडते पण तिला बरं वाटतं. आणि दुसरं, वारस नोंदीचं काय झालं, तलाठ्याकडे कोण जातंय सोबत, हे विचारते. "काही लागलं तर सांगा" असं म्हणत नाही, ती कधीच सांगणार नाही. अमुक दिवशी मी येते, आपण जाऊ, असं म्हणते.

गोदाकाठ

मी ख्रिस्ती नाही, पैठणचा आहे, पण धागा आवडला म्हणून लिहितोय. आमच्याकडे एकनाथ महाराजांची गोष्ट सांगतात, गोदावरीत अंघोळ करून येताना एक जण अंगावर थुंकायचा, महाराज परत जाऊन अंघोळ करायचे, असं 108 वेळा झालं आणि शेवटी तोच पाया पडला. लहानपणापासून नाथषष्ठीला ऐकत आलोय. तुमचं याकोबाचं पत्र मला माहीत नव्हतं, आज शोधून वाचलं. तिसऱ्या अध्यायात त्याच तोंडाने देवाची स्तुती आणि त्याच तोंडाने देवाच्या प्रतिरूपाच्या माणसांना शिव्याशाप असं आहे ते वाचून थांबलो. प्रश्न असा की हे तुमच्यात साधना म्हणून बघतात का? म्हणजे सराव करून जिभेवर ताबा मिळवायचा?

मोंढा_जालना

गोदाकाठ दादा, आलात ते बरं झालं, नाथांची ती गोष्ट आमच्या घरातही माझी आजी सांगायची.

सराव आहेच, पण याकोब तिथेच म्हणतो की जिभेला वश करणं कुणाही माणसाला जमत नाही. मग ते सांगून तो हात का झटकत नाही? कारण प्रभू म्हणतो अंतःकरणात जे भरून वाहतं तेच तोंडातून येतं, मत्तयाच्या 12 व्या अध्यायात आहे. म्हणून आमच्याकडे सुरुवात तोंडापासून होत नाही. यशया संदेष्ट्याला देवाचं दर्शन झालं तेव्हा तो म्हणाला माझे ओठ अशुद्ध आहेत आणि मी अशुद्ध ओठांच्या लोकांत राहतो, आणि मग देवदूताने वेदीवरचा निखारा त्याच्या ओठांना लावला. यशयाने स्वतः ओठ धुतले नाहीत, ते शुद्ध केले गेले. आणि लगेच पुढच्या ओळीत त्याला बोलायला पाठवलं. आम्ही ह्याला कृपा म्हणतो. आपण क्षमा मिळालेले आहोत हे ज्याला मनापासून ठाऊक आहे त्याला प्रत्येक वादात जिंकायची गरज उरत नाही, आणि ती गरज गेली की ऐकायला जागा होते.

युवासंघवाला

सगळं पटतंय पण एक विचारू का. आमच्याकडे मंडळीच्या बांधकाम निधीचा हिशोब आम्ही पोरं मागायलोत, कधीपासून मागायलोत, आणि दरवेळी उत्तर काय तर "बाळा, प्रीतीने बोलावं", "वडीलधाऱ्यांशी असं बोलतात का", "जीभ आवर". आता ह्यात मी शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही, फक्त विचारलं. ग्रुपवर लिहिलं तर अ‍ॅडमिनने मेसेज डिलीट केला अन् वर नीतिसूत्रातलं वचन टाकलं, मृदू उत्तराने राग शांत होतो म्हणून. मला त्या वचनाचाच राग यायलाय आता. विचारपूर्वक बोला म्हणजे गप्प बसा असंच असतं का शेवटी?

बेथेलची_लेक

भाऊ तुमचा प्रश्न एकदम बरोबर आहे आणि मला वाटतं ह्या धाग्यातला तोच महत्त्वाचा आहे.

जरा मागचं सांगते. जालन्याजवळचं बेथेल हे रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेलं ख्रिस्ती गाव. स्वतः ब्राह्मण घरातले, 1843 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पुढे जालन्याला आले, आणि त्यांच्याकडे आले ते मुख्यतः मांग समाजाचे लोक, निजामाच्या राज्यातले, गावकुसाबाहेरचे. मोठे वक्ते होते ते, 1873 ला न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेला जाऊन बोलून आले. पण माझ्या घरात सांगतात ते वेगळंच. माझ्या पणजोबांच्या पिढीला गावात कुणी नावाने धड हाक मारत नव्हतं, पाटलाचं पोरगं म्हाताऱ्या माणसाला अरे म्हणायचं. आणि मंडळीत त्यांना बंधू म्हटलं, बायांना भगिनी म्हटलं, सगळ्यांसमोर उभं राहून प्रार्थना करायला सांगितलं, आणि अख्खी मंडळी गप्प बसून त्यांचं ऐकायची. बोलायची सवय तिथे लागली. आमच्या लोकांना विश्वासाने जे पहिलं दिलं ते तोंड उघडणं होतं, मागून मग ते सांभाळणं आलं. म्हणून कुणी आज पोरांना वचन दाखवून गप्प करत असेल तर मला ते आमच्या इतिहासाच्या उलट वाटतं.

आणि वचनातही बघा. योहान 18, महायाजकासमोर एक शिपाई येशूला चापट मारतो. प्रभू उलट मारत नाही, पण गप्पही बसत नाही. म्हणतो, मी वाईट बोललो असेन तर काय वाईट ते सिद्ध कर, आणि बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? पुढे सकाळी रोमी सुभेदार पिलातासमोर काही प्रश्नांना त्याने उत्तरच दिलं नाही. दोन्ही विचार करून. कुठे बोलायचं आणि कुठे नाही हे भीती ठरवत नव्हती.

निवृत्त_पाळक_लातूर

लेकी, फार चांगलं लिहिलंस. युवासंघाच्या मुलासाठी थोडी भर.

मृदू म्हणजे मुळमुळीत नाही. नाथान संदेष्टा दावीदाकडे गेला तेव्हा समोर राजा होता आणि गुन्हा त्याच राजाचा, खुनाचा होता. नाथान एका गरीब माणसाच्या एकुलत्या कोकरीची गोष्ट सांगतो, राजाला राग येऊ देतो, राजाकडूनच न्याय बोलवून घेतो आणि मग म्हणतो तो माणूस तूच आहेस. 2 शमुवेल 12 आहे, वाचा. आवाज चढवल्याचा उल्लेख नाही, पण एक अक्षरही पोटात ठेवलं नाही. आणि पौल, अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र चुकला तेव्हा सगळ्यांदेखत त्याच्या तोंडावर बोलला, कारण पेत्राचं वागणं सगळ्यांदेखतचं होतं. तोच पौल प्रेषितांची कृत्ये 23 मध्ये तोंडावर मारायला लावणाऱ्याला "चुना लावलेली भिंत" म्हणतो, आणि तो महायाजक आहे हे कळल्यावर शब्द मागे घेतो, पण आपली बाजू मात्र सोडत नाही, पुढे मांडतोच.

आता तुमच्या हिशोबाबद्दल. मत्तय 18:15 पासून प्रभूने क्रम घालून दिलाय. आधी एकट्याने जाऊन त्याला एकट्याला सांग. ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा. तरी नाही तर मंडळीला सांग. ह्यात मंडळीला सांगणं आहे, बरं का, ते पाप नाही, ती प्रभूची आज्ञाच आहे. पण तुम्ही सुरुवात ग्रुपवरून केलीत की आधी खजिनदारांना जाऊन भेटलात? आरोप म्हणून विचारत नाही, पुढचं पाऊल ठरवायला विचारतोय. आणि पैसे मंडळीचे आहेत, हिशोब मागणं हा सभासदाचा हक्क आहे, त्याला कुणी उद्धटपणा म्हणत असेल तर म्हणू द्या.

आक्का_अंबाजोगाई

मी बायांसाठी लिहिते. 1 शमुवेल 25 मधली अबीगईल. नवरा नाबाल, श्रीमंत पण तिरसट, दावीदाच्या माणसांना अपमान करून लावून दिलं, दावीद चारशे माणसं घेऊन कापायला निघाला, आणि ही बाई गाढवांवर भाकरी, द्राक्षारस, मनुका लादून आडवी गेली आणि अशी बोलली की दावीदाचा हात थांबला. ते सगळे सांगतात. मला आवडतं ते पुढचं. घरी आली तर नाबाल पिऊन झिंगलेला, मेजवानी चालू. ती त्याला सकाळ होईपर्यंत काहीएक बोलली नाही. नशा उतरल्यावर सकाळी सगळं सांगितलं. आमच्या भगिनी मंडळात मी हे दरवर्षी एकदा घेतेच, कारण अर्ध्या घरांत हाच प्रकार आहे, अन् भांडण सगळं रात्रीचं होतं जेव्हा समोरच्याला काही कळतच नसतं. सकाळी बोला. पण बोला. सकाळी तो गप्प, तुम्ही गप्प, पोरं शाळेत, अन् विषय तसाच, हे अबीगईलने केलं नाही.

सिस्टर_बीड

आक्का आमेन. फक्त एक जोडते, तो हात उचलत असेल तर सकाळची वाट बघू नका, घराबाहेर पडा, महिला हेल्पलाइन 181 आहे, मंडळीतल्या कुणालाही उठवा. अबीगईलचा दाखला देऊन कुणी मार खायला सांगत असेल तर ऐकू नका.

आक्का_अंबाजोगाई

व्हय बाई, बरोबर. मी मंडळात तेही सांगते.

सोनी_परभणी

मला एक नाजूक गोष्ट लिहायचीय. प्रार्थनेचे विषय. आपल्या कॉटेज मिटिंगला, म्हणजे घरातल्या प्रार्थनासभेला, "प्रार्थनेसाठी विषय सांगा" म्हटलं की सुरू होतं, अमक्याच्या मुलीसाठी प्रार्थना करा, ती कुठल्या मुलासोबत फिरायलीय, आईबाप फार त्रासात आहेत, किंवा तमक्या भावासाठी करा, परत प्यायला लागलाय. सगळे मान हलवतात, हळहळतात, प्रार्थना होते, आणि रात्रीपर्यंत ते चार घरांत पोचलेलं असतं. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतंही पुष्कळदा. पण त्या मुलीला पुढच्या रविवारी उपासनेत बसताना सगळ्या बाकांवरून नजरा लागतात आणि मग ती येणं बंद करते, आणि मग आपण परत तिच्यासाठी प्रार्थनेचा विषय देतो की ती विश्वासात मागे पडली. मला हे बघून फार वाईट वाटतं. ह्याला काय उपाय?

मोंढा_जालना

सोनीताई, हे तुम्ही लिहिलं ते फार गरजेचं होतं.

आमच्या गटात एक पद्धत पाडलीय ती सांगतो. स्वतःचा विषय कितीही मोकळा सांगा. दुसऱ्याचा सांगायचा असेल तर त्याला विचारून आलात का, हे गट चालवणारा तिथल्या तिथे विचारतो, सगळ्यांनाच विचारतो, म्हणजे कुणा एकाला लागत नाही. विचारलेलं नसेल तर फक्त नाव घ्यायचं, कारण सांगायचं नाही. देवाला कारण ठाऊक आहे. सुरुवातीला मिटिंगा लवकर संपायला लागल्या, एवढंच म्हणतो. पण हळूहळू लोकं स्वतःचं सांगायला लागली, दुकानाचं कर्ज, मुलाचं नापास होणं, बायकोशी न पटणं. आपलं बाहेर जाणार नाही अशी खात्री वाटल्याशिवाय कुणी आपलं काढत नाही.

कॅन्टोन्मेंट_संभाजीनगर

आम्ही कॅथलिक. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात, मांस सोडणारे पुष्कळ असतात, आमच्या घरात आईने निंदा सोडायची प्रथा घातली, जेवताना गैरहजर माणसाबद्दल तो समोर असता तर जे बोललो असतो तेवढंच बोलायचं. आणि रात्री झोपण्याआधी दिवसभराचं आत्मपरीक्षण असतं त्यात बोलण्याचा वेगळा विचार करतो. पापकबुलीलाही ते नेतो. सोनीताईंचा मुद्दा आमच्याकडेही तसाच आहे.

युवासंघवाला

पाळक साहेब, खरं सांगायचं तर खजिनदार काकांना एकट्याला कुणीच भेटलं नाही आमच्यातलं. सगळे ग्रुपवरच बोलायलेत. ह्या रविवारी मी जातो. मेसेज असा लिहिलाय, बघा बरं:

"काका सलाम. रविवारी उपासना झाल्यावर मला थोडा वेळ द्याल का. बांधकाम निधीबद्दल सगळे म्हणायलेत की हिशोब लागत नाही. मागच्या वार्षिक सभेत जमा सांगितली होती पण खर्चाच्या पावत्या वाचल्या नव्हत्या. सिमेंट आणि पत्र्याचा खर्च मला समजून घ्यायचा आहे. पावती पुस्तक सोबत आणलं तर बरं होईल."

निवृत्त_पाळक_लातूर

चांगला आहे. "सगळे म्हणायलेत की हिशोब लागत नाही" हे वाक्य काढून टाका. ते वाचून ते घरी जाऊन सगळे म्हणजे कोण कोण ह्याची यादी करतील आणि पावत्या बाजूला राहतील. तुम्हाला स्वतःला काय समजत नाही तेवढंच ठेवा. वार्षिक सभेचं वाक्य मात्र ठेवा, ते जसं झालं तसं आहे आणि ते ठामपणे सांगायलाच पाहिजे.

बेथेलची_लेक

आणि "बरं होईल" च्या जागी सरळ "कृपया आणा" लिहा.

युवासंघवाला

दोन्ही बदल केले. पाठवला. दोन निळ्या टिक आल्यात, उत्तर अजून नाही.

मोंढा_जालना

भाऊ, उत्तर आलं नाही तरी रविवारी जा. एकटाच जा, मित्र फाटकापर्यंत आले तरी आत येऊ देऊ नको. पावत्या दाखवल्या तर तिथेच बसून नीट बघ, जे लागेल ते लागलं म्हण. नाही दाखवल्या तर पाळक साहेबांनी सांगितलेला पुढचा क्रम आहेच, मग एक-दोघं वडील घेऊन जायचं, त्यात कुणाला न्यायचं ते आपण इथे बोलू.